भाऊराव इंगळ्यांचा कान

माझं झेरॉक्सचं दुकान सुरतेत नवागामात भाऊराव इंगळ्यांच्या पत्र्याच्या शेडसमोर आहे. सायलेन्सरवाल्याच्या समोर झेरॉक्सचं दुकान थाटणाऱ्या माणसाच्या अकलेबद्दल लोक काय बोलतात ते मला ठाऊक आहे. पण मी दुकान घेतलं तेव्हा समोर उसाच्या रसाचं दुकान होतं. ते गेलं, भाऊराव आले आणि माझे सुखाचे दिवस संपले. गिऱ्हाईक काउंटरवर उभं राहून कॉप्या मागायचं आणि मला नुसते त्याचे ओठ हललेले दिसायचे. मी चिडून रस्त्यापलीकडे ओरडायचो, "अहो भाऊराव, जरा दमानं घ्या!" भाऊराव मान वर करून हसायचे, हात जोडायचे आणि ग्राइंडर पुन्हा सुरू करायचे. काय बेरकी माणूस आहे, असं मला वाटायचं.

आता ती शेड बंद असते. दिवसभर समोरून आवाज म्हणून येत नाही. इतकी वर्षं मी ज्या शांततेसाठी कोकललो ती मिळाली आहे आणि तिचा मला मनापासून राग येतो.

भाऊराव मूळचे बुलढाणा जिल्ह्यातले, चिखलीकडचे. मिसरूड फुटायच्या वयात सुरतेला आले आणि लूमच्या खात्यात लागले. इथे यंत्रमागाच्या कारखान्याला खातं म्हणतात आणि त्यावर काम करणाऱ्याला कारीगर. नाव मोठं दिलं की बाकी काही द्यावं लागत नाही, हे इथल्या शेठ लोकांना फार पूर्वीच उमगलेलं आहे. खात्यात शेकड्याने लूम एकाच वेळी धडधडतात. तिथे शेजारच्या माणसाशी बोलायचं तर हातवारे करायचे आणि ओठ वाचायचे. भाऊराव अर्धं आयुष्य तिथे उभे राहिले. पण त्या गदारोळातही त्यांचा कान मोठा तयार होता म्हणे. लूम बिघडायच्या आधीच ते जाऊन तिच्यापुढे उभे राहायचे. लूम दुरुस्त करणारा मास्तरही त्यांना विचारून पाना उचलायचा.

"मशीन आधी सांगते," ते मला म्हणायचे. "आयकनारा पाह्यजे."

खात्यातल्याच एका वेल्डरकडून ते वेल्डिंग शिकले आणि हिंमत करून बाहेर पडले. सायलेन्सरचं काम धरलं. रिक्षा, टेम्पो, जुन्या जीपगाड्या, सगळ्यांचे फुटके, कुजलेले सायलेन्सर त्यांच्याकडे यायचे. काम झालं की एक ठरलेला प्रकार असे. भाऊराव गाडी चालू करायला लावायचे, मागे उकिडवे बसायचे, पाइपाच्या तोंडाशी तळहात धरायचे, डोळे मिटायचे आणि मान एका बाजूला कलती करायचे. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून त्याची मूठ दातांत धरायचे. तेवढा वेळ आजूबाजूचे बोलायचे थांबत. थोड्या वेळाने भाऊराव उठायचे, हात पुसायचे आणि म्हणायचे, "चालू दे." ते म्हणाले की झालं. त्यावर कोणी काही विचारत नसे. नवागाम, दिंडोली, गोडादरा, सगळीकडे त्यांचा असा लौकिक होता की इंगळे कानाने गाडी तपासतात.

आणि त्यांचा कान गेला होता. किती आधी गेला होता, देव जाणे. लूमने तो थोडा थोडा करून नेला होता. जाड आवाज त्यांना यायचे, धडधड यायची, बारीक आवाज मात्र बिलकुल येत नव्हते. हे आमच्यापैकी कोणालाच कळलं नाही, कारण आमच्या गल्लीत सगळेच ओरडून बोलतात. घरटी एक तरी माणूस खात्यात आहे. दारात उभं राहून नवरा-बायको भाजीचं बोलत असले तरी नवख्याला वाटावं, आता हाणामारी होणार. अशा गल्लीत कोणाला ऐकू येतं आणि कोणाला नाही, हे शोधायचं तरी कसं? खुद्द भाऊरावांनाही ते माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, जग हल्ली जरा हळू बोलतं.

त्यांच्या घरात चार माणसं. ते, त्यांची बायको रंभाबाई, मुलगा नरेंद्र आणि सून स्वप्ना. भाऊरावांनी आयुष्यात एकच हट्ट धरला होता. नरेंद्र खात्यात जाणार नाही. गावाकडच्या त्यांच्या भावकीतली पोरं एकामागून एक लूमवर लागली, पण यांनी नरेनला खात्याच्या दारातसुद्धा उभं केलं नाही. रंभाबाई एकदा चुकून म्हणाल्या होत्या, "अवघ्याइची पोरं जातात, आपलाच काय राजाचा हाये?" त्यावर भाऊराव दोन दिवस जेवले नाहीत, असं रंभाबाईंनीच मला सांगितलं. "माहं आयुष्य गेलं तिथी," ते म्हणाले होते, "त्याचं नाई जाऊ देनार."

म्हणून त्यांनी नरेनला गाडी घेऊन दिली. सात सिटांची, काळी, टर्बोवाली डिझेल गाडी. नवी असताना ती कोण्या बिल्डरच्या दारात उभी असायची. तिथून उतरत उतरत ती इंगळ्यांच्या दारात आली तेव्हा तिचं निम्मं आयुष्य होऊन गेलं होतं. पण नरेनने तिला असं चमकवलं की गल्लीतल्या बायका तिच्या काचेत बघून टिकली सारखी करायच्या. इच्छापोरच्या एका कारखान्यातल्या साहेब लोकांना पाळीप्रमाणे पोचवायचं आणि आणायचं काम त्याला मिळालं. एका कंत्राटदारामार्फत, वर्षावर्षाने नव्याने ठरणारं. घर त्या गाडीवर चालायला लागलं. शेडवर मिळायचं ते आता किरकोळ खर्चाला. सकाळी नरेन गाडी काढायचा तेव्हा भाऊराव चहाचा कप हातात धरून रस्त्याच्या कडेला उभे राहायचे, गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत. मी शटर उघडत असायचो. ते माझ्याकडे बघून म्हणायचे, "बसून काम करते पोरगं. बसून." ही त्यांची श्रीमंती होती.

गेल्या हिवाळ्यात गाडी दम तोडायला लागली. सपाटीवर बरी चालायची, पण पूल आला, तापीवरची चढण आली की तिच्यात जीव उरत नसे. नरेन पाय दाबून धरायचा आणि रिक्षा बाजूने पुढे निघून जायच्या. मागे काळा धूर. साहेब लोक पाळीला उशिरा पोचू लागले. कंत्राटदाराने एकदा ऐकून घेतलं, दुसऱ्यांदा आवाज चढवला आणि तिसऱ्यांदा शांतपणे सांगितलं की, भाई, आता एकदा जरी मोडा पडशो, म्हणजे उशीर केलास, तर दुसरी गाडी लावीन. शांतपणे सांगितलं म्हणूनच नरेन घाबरला.

त्याने गाडी उधन्याच्या एका गॅरेजात दाखवली. गॅरेजवाल्याने खाली वाकून, वर बघून निदान केलं. सायलेन्सरच्या पुढे धूर गाळणारी जी जाळी असते ती काजळीने गच्च बसली आहे, इंजिनाला श्वास सोडता येत नाही. एवढं सांगून तो थांबला असता तर बरं झालं असतं. तो पुढे म्हणाला, टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या, दांडीलाही खेळ आलेला दिसतो, ती सैल झाली आहे. टर्बो खोलून बघावा लागेल. गाडी आठवडाभर इथे ठेवावी लागेल. नरेनपाशी आठवडा नव्हता. आठवडाभर गाडी नसेल तर नंतर गाडी असून उपयोग नव्हता.

तो घरी आला आणि बापाला सगळं सांगितलं. भाऊरावांनी जाळीचं ऐकलं आणि त्यांना आनंद झाला. हे तर त्यांचंच काम! टर्बोचं ऐकलं तेव्हा ते हसले.

"टर्बो खोलतो म्हनते? खोलनं म्हनजे लुटनं. टर्बो काय बोलून राह्यला ते मी आयकीन ना. त्याले कायले खोला लागते?"

रविवारी सकाळी गाडी शेडपुढे जॅकवर चढवली. मी दुकान बंद ठेवून बघायला गेलो, कारण उघडं ठेवून उपयोग नव्हता. भाऊरावांनी टर्बोपासून निघणारा पाइप सोडवला, जाळीचा डबा कापला आणि आत बॅटरी मारून आम्हाला दाखवलं. आत डांबर भरल्यासारखं झालं होतं. त्यांनी सळई घालून ती जाळी फोडून बाहेर काढली, रिकाम्या डब्याऐवजी सरळ मोठा पाइप घेतला, मोजून कापला आणि मागपर्यंत मोकळा रस्ता करून दिला. जाळी काढणं कायद्यात बसत नाही हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. पण नव्या जाळीचा भाव ऐकला की कायदा लांबचा वाटायला लागतो. त्यांचं वेल्डिंग मात्र बघत राहावं असं होतं. रंभाबाई चहा घेऊन आल्या, स्वप्ना भजी घेऊन आली. नरेन गाडीखाली लोळून बापाला पाने देत होता. त्या घरातला तो शेवटचा सुखाचा दिवस, आणि आम्ही भजी खात होतो.

गाडी चालू केली. आवाज असा आला की माझ्या दुकानाच्या शटरला कंप सुटला. नरेन एक फेरी मारून आला, गाडीतून उतरला आणि बापाच्या पायाच पडला.

"बाबा, पिकअप बघा ना! एकदम मक्खन! पुलावर टॉपमध्ये चढली."

तेवढ्यात स्वप्ना म्हणाली, "पण ही शिट्टी कसली?"

शिट्टी होती. मलाही ऐकू आली. जाड घुमणाऱ्या आवाजाच्या वर एक बारीक, तीक्ष्ण सूर लागला होता. नरेन पाय दाबायचा तसा तो वर चढायचा आणि पाय काढला की रडत खाली यायचा. गल्लीतल्या कॉलेजच्या मुलांना तर तो भलताच आवडला. टर्बोची शिट्टी म्हणजे त्यांना शान वाटते, त्यासाठी लोक मुद्दाम पाइप बदलून घेतात.

भाऊरावांनी हातानेच सगळ्यांना गप्प केलं. मागे उकिडवे बसले. तळहात धरला. डोळे मिटले. मग पुढे आले, स्क्रूड्रायव्हर टर्बोला टेकवला, मूठ दातांत धरली. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. आणि ती शिट्टी आमच्या सगळ्यांच्या कानांत वाजत होती.

"काही नाई," ते उठून म्हणाले. "टर्बो ठनठनीत हाये. चालू दे."

स्वप्नाने नवऱ्याकडे पाहिलं. नरेनने बापाकडे पाहिलं. मग त्याने गाडी बंद केली आणि भज्यांच्या ताटाकडे वळला.

त्या आठवड्यात स्वप्ना माझ्याकडे कागदांच्या कॉप्या काढायला आली. ती दिंडोलीत वाढलेली, चुणचुणीत पोरगी. कॉप्या निघत होत्या तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "काका, तुम्हाला ती शिट्टी येते ना ऐकू?"

"येते की. अजून लांबून येते. गाडी वळणावर असली तरी मला कळतं."

"बाबांना नाही येत." तिने मागे वळून शेडकडे पाहिलं. "मी आता लक्ष ठेवून आहे. कुकर वाजतो, ते शेजारी बसलेले असतात, पण मान वळत नाही. फोन उशाशी वाजतो, आई उचलून देतात. मोठं काही पडलं तर लगेच बघतात. बारीक काहीच जात नाही त्यांच्या कानात. मी ह्यांना सांगितलं, तर हे म्हणतात, गप बस."

माझ्या मशीनमधून कागद येत राहिला आणि मी तसाच उभा राहिलो. इतकी वर्षं मी ज्याला बेरकी म्हणत होतो तो माणूस मला आठवत होता. मग मी रस्ता ओलांडला आणि भाऊरावांच्या समोर जाऊन सरळ सांगितलं, "भाऊराव, गाडीत शिट्टी आहे. टर्बो वाजतोय. मी माझ्या कानांनी ऐकतोय."

त्यांनी माझे ओठ नीट वाचले असणार, कारण ते खदखदून हसले. "तुमाले आमच्या आवाजाचा रागच हाये, झेरॉक्सवाले! आधी ग्राइंडरचा होता, आता टर्बोचा!" आणि त्यांनी मला चहा मागवला. जन्मभर ज्याने आवाजाची तक्रार केली त्याची तक्रार कोण खरी मानणार? मी तो चहा प्यालो. दुसरं काय करणार होतो?

मग मी नरेनला गाठलं. तो गाडी पुसत होता. मी त्याला झापलंच. म्हटलं, तुला ऐकू येतंय, तुझ्या बायकोला ऐकू येतंय, मग गाडी उधन्याला का नेत नाहीस? तो बादलीशी वाकला. मग फडकं पिळत म्हणाला, "काका, बाबा चालू दे म्हणाले ना."

"मग?"

"मग मी गाडी उधन्याला नेली तर उद्या अख्खी गल्ली विचारेल. इंगळ्याचा पोरगा बापाच्या हातची गाडी दुसऱ्याकडे का नेतो? काय सांगू? बाबांचा कान गेला? त्यांच्याकडे तेच तर आहे, काका. ते गेलं की शेडवर कोण येणार आहे? आणि त्यांना काय वाटेल?" त्याचे डोळे भरून आले होते. "मी त्यांना ते सांगू शकत नाही. बस, कॉन्ट्रॅक्ट नवीन होऊ दे. मग गिअरबॉक्सचं काम आहे सांगतो आणि गुपचूप टर्बो करून आणतो. तोपर्यंत खेचते गाडी."

मी त्याला मूर्ख म्हणालो. तो मूर्खच होता. पण असा मूर्ख मुलगा कोणाला नको असतो?

गाडीने तेवढं खेचलं नाही. एका दुपारी नरेन सकाळपाळीच्या लोकांना सोडून आला आणि गाडी शेडपुढे लावली. टर्बोवाली गाडी आली की लगेच बंद करायची नसते, थोडा वेळ तशीच चालू ठेवायची असते. ती चालू ठेवून तो उतरला आणि बापाशी बोलत उभा राहिला. एकाएकी इंजिनाचा आवाज आपोआप वाढायला लागला. गाडीत कोणी नव्हतं, पायाखाली काही दाबलेलं नव्हतं. नरेन धावत आत गेला आणि त्याने किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं नाही. त्याने किल्ली बाहेर काढली. इंजिन आणखी वाढलं. तो किल्ली हातात घेऊन बाहेर आला आणि ती किल्ली आम्हाला दाखवत राहिला, जणू आमच्यापैकी कोणाला त्याचा अर्थ कळणार होता.

मला हे सगळं नंतर समजावून सांगण्यात आलं. टर्बोची दांडी तुटली होती, इंजिनाचं ऑइल हवेच्या वाटेने आत जात होतं आणि इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत सुटलं होतं. अशा इंजिनाला किल्लीची गरज उरत नाही. त्याची हवा कोंडली तरच ते थांबतं. पण त्या वेळी आम्हाला एवढंच दिसत होतं की गाडी जागच्या जागी किंचाळते आहे आणि मागून पांढरा निळा धूर असा येतो आहे की समोरची घरं दिसेनाशी झाली. लोक मुलांना उचलून पळाले. रंभाबाई दारात उभ्या राहून नुसत्या "नरेन, नरेन" करत होत्या.

भाऊराव पुढे धावले. आयुष्यभर सायलेन्सर करणारा माणूस, पण घाबरल्यावर त्यांच्यातला कारीगर जागा झाला. लूम अंगावर आली की आधी लाइट तोडायची, हे त्यांच्या हाडात बसलेलं होतं. त्यांनी बॉनेट वर केलं आणि बॅटरीची वायर हिसकून काढली. वायर हातात आली. इंजिनाला त्याचा पत्ताही नव्हता. त्यांनी हातातल्या वायरीकडे पाहिलं, इंजिनाकडे पाहिलं. मग भिजलेलं पोतं घेतलं, मागे गेले आणि पाइपाच्या तोंडावर दाबून धरलं. पाइप तापून लाल झालेला. पोतं उडून लांब पडलं. त्यांनी ते पुन्हा उचलून दाबलं. पुन्हा उडालं. मग त्यांनी हातच लावले. नरेनने त्यांना मागून कवेत धरून ओढून काढलं तेव्हा त्यांचे दोन्ही तळहात भाजून निघाले होते आणि ते ओरडत होते, "थांबव! थांबव ना रे तिले!"

तिला कोणी थांबवलं नाही. होतं नव्हतं ते ऑइल जाळून झालं, आतून एक मोठा धाड आवाज आला आणि ती आपणहून थांबली. धूर हळूहळू खाली बसला. गाडीखाली काळं काहीतरी पसरत होतं.

दुसऱ्या दिवशी उधन्याचा गॅरेजवाला बघायला आला. इंजिन जाम झालं होतं, म्हणजे संपलंच होतं. त्याने टर्बो काढला आणि तुटलेली दांडी हातावर घेऊन सगळ्यांसमोर विचारलं, "हे एका दिवसात नाही होत. कितीतरी दिवस शिट्टी वाजत असणार. कोणालाच ऐकू आली नाही?"

भाऊराव हाताला पट्ट्या बांधून तिथेच बसले होते. गॅरेजवाल्याच्या ओठांवर त्यांचे डोळे होते.

"नाही," नरेन म्हणाला. "वाजलीच नाही."

तो बापाकडे न बघता म्हणाला, आणि तिथेच चुकलं. भाऊरावांनी पोराकडे पाहिलं, मग सुनेकडे. स्वप्ना रडत होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर काय होतं मला माहीत नाही, पण जे होतं ते त्यांनी वाचलं.

"वाजत होती," ते म्हणाले. "स्वप्ना, तू म्हनली होती. झेरॉक्सवाले, तुमी येऊन सांगतलं." त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. त्यांना इतकं हळू बोलताना मी प्रथमच ऐकलं. "सगयाइले येत होती. मले नाई आली."

ते नरेनकडे वळले.

"नरेन, तुले येत होती?"

नरेनने होकारार्थी मान हलवली.

"मंग मले सांगतलं काहून नाई रे? बहिरा म्हना लागत होतं. गल्लीत ओरडून सांगा लागत होतं, माहा बाप बहिरा हाये! काय झालं असतं? शेड गेली असती. गेली त गेली! गाडी तर राह्यली असती तुही!"

नरेन त्यांच्या पायाशी बसला आणि त्याने डोकं बापाच्या गुडघ्यावर ठेवलं. भाऊरावांना त्याच्या डोक्यावरून हात फिरवता येईना, पट्ट्यांमुळे. ते मनगटाने त्याचे केस सारखे करत राहिले. मला ते बघवेना. मी दुकानात येऊन उगाच मशीन पुसत बसलो.

कंत्राट त्याच आठवड्यात दुसऱ्याला गेलं. गाडी भंगारवाल्याने क्रेनला बांधून नेली. भाऊरावांचे हात बरे झाले, कातडी आली, पण त्यांनी शेड उघडली नाही. एक-दोन जुनी गिऱ्हाइकं घरी येऊन म्हणाली, "इंगळेभाऊ, नुसतं वेल्डिंग मारून द्या, तपासू नका." ते बरं वाटावं म्हणून बोलत होते, पण त्याने जास्तच लागलं. भाऊराव आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले.

नरेनने ड्रायव्हरची नोकरी शोधली. हजिऱ्याला गेला, सचिनच्या औद्योगिक वसाहतीत गेला, कपड्याच्या बाजारात गेला. टेम्पोवर बदली म्हणून काही दिवस मिळाले, पुढे तेही नाही. रंभाबाईंचं साड्यांचे धागे कापायचं काम, त्यावर किती दिवस निघणार? स्वप्नाला दिवस गेले होते. मग एके दिवशी नरेन भावकीतल्या एकाबरोबर लूमच्या खात्यात जाऊन आला. सोमवारपासून दिवसपाळीला ये, असं मास्तरने सांगितलं. त्याने हे घरात सांगितलं तेव्हा भाऊराव जेवत होते. कोणी ओरडून सांगितलं नव्हतं, तरी त्यांना कळलं. ते ताटावरून उठले नाहीत. जेवण पूर्ण केलं. रंभाबाई मला म्हणाल्या, "रागावले असते त बरं झालं असतं, भाऊजी. काही बोललेच नाई."

रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा बाप-लेक दारातच बसले होते. रंभाबाईंच्या कामातले धागे मध्ये पडले होते. भाऊराव नरेनला गाठ मारायला शिकवत होते. लूमवर धागा तुटला की क्षणात गाठ मारता आली पाहिजे. नवखा कारीगर गाठ मारायला वेळ लावतो, मशीनमध्ये वाकून राहतो आणि मग मास्तरच्या शिव्या परवडल्या असं काहीतरी होतं. "मान आत घालाची नाई," भाऊराव सांगत होते. "बोटं पुढे, मान मांगं. आन् कानात कापूस घालत जाय. लोक हासतीन, हासू दे." त्यांची भाजलेली, आखडलेली बोटं धाग्यावर अशी फिरत होती, जणू मधली सगळी वर्षं झालीच नव्हती. नरेनची बोटं स्टिअरिंगला सरावलेली. त्याच्या गाठी सुटत होत्या. भाऊराव पुन्हा दाखवायचे, पुन्हा त्याच्या हातात द्यायचे.

शेवटी एक गाठ बसली. भाऊरावांनी धागा दोन्हीकडून ओढून पाहिला. सुटली नाही.

"शाब्बास रे माह्या वाघा!" त्यांच्या तोंडून निघून गेलं, चांगलं मोठ्याने, हसून. आणि मग आपण कशाला शाब्बास म्हणालो ते त्यांच्या ध्यानात आलं. चेहरा एकदम पडला. त्यांनी पोराचे दोन्ही हात धाग्यासकट आपल्या हातांत धरले आणि ते सोडीचनात.

"नको जाऊ," ते म्हणाले. "नरेन, नको जाऊ रे."

नरेनने थोडा वेळ हात तसेच राहू दिले. मग हळूच सोडवून घेतले आणि दुसरा धागा उचलला.